जावयाचं स्टेशन

पिपरखेडीचं स्टेशन माझ्या नवऱ्याने विकलं, असं माझं माहेर म्हणायचं. खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं.

स्टेशन म्हणजे तरी काय, एक पत्र्याची शेड आणि तिकिटाची खिडकी. भोपाळच्या अलीकडचा छोटा हॉल्ट. ह्यांनी, म्हणजे केशवरावांनी, तिथली तिकीटविक्री कमिशनवर घेतलेली. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, गावात किराणा दुकान. स्टेशनवाला जावई मिळाला म्हणून अण्णा गावभर मिरवले. मग तिकिटं खपत नाहीत म्हणून रेल्वेने हॉल्ट बंद केला, आणि महिन्याच्या आत ह्यांना भोपाळच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी, वर तिथेच बरखेड्यात क्वार्टर. आता कोणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही? गाडीत तर पाय ठेवायला जागा नसायची, मग तिकिटं खपत नव्हती कशी?

"नोकरीचा अर्ज लग्नाआधीच केला होता," एवढंच हे म्हणायचे. पुढे विचारलं की पाण्याचा पाईप घेऊन पेरूच्या झाडाकडे. निर्दोष असशील तर भांड ना बाबा! घरात नवी खुर्ची आली तरी माझं डोकं फिरायचं, ही कुठून आली?

अण्णांनी माझ्या घरचं पाणी पिणंही सोडलं. मुलाच्या मुंजीलाही आले नाहीत. इकडे नवरा, तिकडे बाप, आणि मी मधल्या मध्ये.

मग अण्णांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन भोपाळला, दुसरं कोणी नाही, म्हणून नाइलाजाने आमच्याकडे उतरले. स्वतःच्या पाण्याची सुरई घेऊन.

संध्याकाळी शेजारची मंदाकिनी चहाला आली, आणि अण्णा रंगात आले. "काय ऐट होती आमची! दुकानाचा माल आणायला घरची माणसं, अख्खा मोहल्ला भोपाळला जायचा. तिकीट कसलं? गावच्या जावयाचं स्टेशन. जावई काय सासुरवाडीकडे पैसे मागतो?"

हे आत मेथी निवडत होते. मी वळून पाहिलं. ह्यांनी मान हलवली, बोलू नकोस म्हणून.

बोलू नको? मी?

"अण्णा, अख्खं गाव फुकट गेलं, तर तिकिटं खपणार कशी? मग स्टेशन बंद केलं कोणी?"

मंदाकिनी चहा अर्धा टाकून उठली. अण्णा भिंतीकडे बघत बसले, जेवलेही नाहीत. मला राग आला तो ह्यांचाच. "इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"सासऱ्याकडे तिकीट मागता आलं नाही," हे म्हणाले, "मग तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

मला रडूच आलं.

सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात जायला मिनीबसमध्ये चढलो. कंडक्टर आला तसा ह्यांनी खिशात हात घातला. अण्णांनी तो हात धरला आणि आपली नोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"तीन टिकट," ते म्हणाले. "पहले इनका. हमारे जमाई हैं."

उतरल्यावर त्यांनी माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं.