मावशींनी दिलेला डबा

टीव्हीला जोडायचा डबा हातात आला की केबलवाल्या मावशी तो आधी उलटा करून बघायच्या. मग बोटाने टकटक वाजवून म्हणायच्या, "डबा कदी चोर नसतोय. आत काय भरलंय ते इचारा."

लोणावळ्याजवळच्या आमच्या कुरवंडे गावात केबल त्यांचीच. नवऱ्यामागे धंदा त्यांनी एकटीने चालवला. पदर खोचून शिडीवर चढायच्या आणि वरूनच ओरडायच्या, "दिसतंय का गं?" गावामागच्या डोंगरावर फिरायला जाताना तुम्हीही त्यांना पाहिलं असेल.

माझ्या दोन खोल्या पर्यटकांसाठी. पाहुण्यांना नवे सिनेमे हवे, मॅच हवी. म्हणून इंटरनेटवर चालणारे दोन डबे मी मावशींकडूनच घेतले.

"ते फुकटवालं ॲपही डब्यात घालून द्या की. सगळं दिसतं म्हणे," मी म्हणालो.

"न्हाई. त्ये चोरीचं हाय. तुज्या पावन्यांसाटी मी चोरी करू व्हय?"

मी हसलो. घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ बघत ते स्वतःच टाकलं, दोन्ही डब्यांत.

एका शनिवारी दुपारी दोघेजण पाहुणे म्हणून उतरले. खोलीत मॅच लावली, फोटो काढले आणि मग चॅनलच्या कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. "हे कुणी बसवलं?"

"डबा केबलवाल्या मावशींनी दिलाय," मी म्हणालो.

शब्द न् शब्द खरा होता. त्याचीच लाज जास्त वाटते.

डबा जप्त झाला. लोणावळ्याच्या पोलीस ठाण्यात आम्हा दोघांना बोलावलं. मावशी म्हणाल्या, "डबा म्याच दिला. आतलं म्या न्हाई घातलं."

"मग कुणी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो.

"म्हाईत न्हाई, सायेब."

गुन्हा काही नोंदवला गेला नाही. पण मावशींना चॅनल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीने त्यांची लाइन तोडली.

आठवड्याने त्या माझ्या घरची वायर काढायला आल्या. वेटोळं करून खांद्यावर टाकलं आणि न विचारता दुसऱ्या खोलीत शिरल्या. तिथला डबा कुणी पाहिलाच नव्हता. त्यांनी रिमोट घेतला, ते ॲप शोधून काढून टाकलं, डबा बंद करून पुन्हा चालू केला, नीट पाहिलं.

"परत आली मानसं, तर तुला तरास नगं."

रिमोट माझ्या हातात ठेवला. मी फक्त "मावशी..." म्हणालो. त्या उतार उतरून गेल्या.

आता त्या कान्हे गावात लेकीकडे असतात म्हणे. पुण्याला जाताना लोकल तिथल्या स्टेशनात थांबते, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत नाही.