मागे जाणारी रिक्षा

कतारगामच्या त्या चौकात सुकदेव उभा राहिला की रंगमंचावर सूत्रधार आल्यासारखं वाटे. साठीला टेकलेला, काटकुळा माणूस. पण हात उचलला की चारही रस्ते त्याच्याकडे बघत.

तीस वर्षं त्याने कापडाच्या मागावर काढली. कारखाना बंद पडला तेव्हा ट्रॅफिक मदतनीसाचं जॅकेट चढवलं आणि मागावरचीच विद्या चौकात आणली. गुंता झाला की ओढायचं नाही. कोण कुणात अडकलंय ते शेवटपर्यंत बघत जायचं आणि सगळ्यात हलका धागा मागे घ्यायचा. चौकातही तेच. बस टेम्पोमुळे अडलेली, टेम्पो टँकरमुळे, टँकर रिक्षामुळे आणि रिक्षा पुन्हा त्याच बसमुळे. असा वेढा पूर्ण झाला की हॉर्न वाजवून काही होत नाही, एकाला मागे जावंच लागतं. सुकदेव दर वेळी रिक्षाला पाठवी. हलकी, चटकन सरणारी. दोन मिनिटांत चौक मोकळा. लोक वाहवा करत.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी वेढा सुटे आणि पुन्हा पडे. रोज तिथून जाणाऱ्या ओळखीच्या पोपटची रिक्षा त्याने तीनदा मागे पाठवली. तिसऱ्यांदा आतून बांगड्या लोखंडी दांड्यावर आपटल्या. खण, खण, खण. बाई घाईत दिसते, असं सुकदेवला वाटलं. रिक्षा अखेर पुढे आली तेव्हा आवाज थांबला होता. बाईच्या मांडीवर नवऱ्याचं डोकं होतं.

दुसऱ्या दिवशी पोपटने सांगितलं, दवाखान्याच्या दारापर्यंतही माणूस टिकला नाही. मग ओरडून का सांगितलं नाहीस, असं सुकदेवने विचारलं. पोपटने मान खाली घातली.

"तुमचा हात कधी चुकत नाही, भाऊ. मला वाटलं, तुम्ही आत पाहिलं असेल."

तेव्हापासून कोसाड वस्तीतल्या आपल्या घरात वाटीवर चमचा वाजला तरी सुकदेवचा घास थांबे. बायको रंजना विचारी, "काय व्हयनं?" काही झालं नाही म्हणत तो ताट सरकवी.

परवा भर दुपारी तसाच वेढा पडला. सुकदेवने हात उचलण्याआधीच पोपट रिक्षा मागे घेऊ लागला. आणि बांगड्या वाजल्या. सुकदेव धावला, रिक्षाच्या पाठीला तळहात लावला.

"थांब. दर वेळी तूच नाही."

शिट्टी खिशात टाकून तो एकेका गाडीशी गेला. आत वाकून कोण आहे, कुठे निघालंय, विचारत राहिला. टेम्पोत साड्यांचे गठ्ठे आणि एकटा चालक दीपक. मागे घे म्हटल्यावर दीपक करवादला, "काका, मागे पन्नास बाईक आहेत. त्या काय डोक्यावर घेऊ?"

सुकदेवने त्या बाईक एकेक करून हलवल्या. पाव तास गेला. म्हाताऱ्याचं चौकावरचं लक्ष उडालं, असे टोमणे बसमधून आले. त्याने ऐकून घेतले.

टेम्पो सरला. बस सुटली, मग रिक्षा, मग टँकर. पोपटने जाताना हात केला. त्याच्या मागच्या सीटवर फक्त भाजीची पिशवी होती.

खण, खण चालूच होतं. ते रिक्षातलं नव्हतंच; त्यानेच मागे सारलेल्या, खोळंबलेल्या बाईकांच्या बाजूने येत होतं. सुकदेव घाम पुसत तिकडे बघायला निघाला.