डाग चालत नाही

माझ्या आतेबहिणीनं आजवर कोणाचंही म्हणणं स्वतः बघितल्याशिवाय मान्य केलेलं नाही; देवाचं प्रकरणही अजून तपासणीतच असावं. ताई डोळ्यांची डॉक्टर, दवाखाना कोठी भागात. तपासायची बॅटरी पर्समध्ये कायम. अफझलगंजच्या बाजारात डाळिंबं घेतानाही ती सालीवर उजेड पाडून डाग न्याहाळते. फळवाला हात जोडतो, “अम्मा, ये अनार है, आँख नहीं!” “हौ, लेकिन सडते दोनों,” असं सुनावून ताई पुढचं डाळिंब उचलते.

माझ्या डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं, तेव्हा मी तिला चुकवून भलतीकडं गेलो. तिनं लिहून दिलेला चष्मा मी केलाच नव्हता ना! दोन डॉक्टरांनी ‘आत जुने डाग आहेत, इलाज नाही’ म्हणून घरी पाठवलं. मीही, एक डोळा आहे की शिल्लक, म्हणत निवांत झालो. ताईला कळलं. तिनं त्या डॉक्टरांनी काढलेला डोळ्याचा फोटो आणि स्वतः काढलेला ताजा फोटो शेजारी ठेवले.

“बघ, हे इथून तिथं सरकलेत. डाग चालत नाही रे गाढवा! आत जंत फिरतोय. गाठला नाही तर उरलेली नजरही खाईल.”

केसाहून बारीक जंत. उजेड पडला की पळायचा. चार सकाळी माझी हनुवटी यंत्रावर टेकवून ती त्याला शोधत बसली. “मॅडम, सोडून द्या,” कंपाउंडर म्हणाला. “मी कायकू सोडू? त्यानं सोडावा डोळा!”

पाचव्या सकाळी ती कुजबुजली, “सापडला. हिलू नक्को.” आणि मी शहाणा “कुठंय? मला पण दाखव!” म्हणत मॉनिटरकडं वळलो. जंत पसार. पुढं ताईनं मला ज्या शिव्या घातल्या, त्या तीन भाषांतल्या होत्या. मग माझं डोकं पट्ट्यानं यंत्राला बांधून ती पुन्हा बसली, आणि दुपारी तो दिसताच लेझरनं जागीच जाळला.

उरलेली नजर वाचली. गेलेली आली नाही, आणि हे ताईला मान्य नाही. दर रविवारी ती मला उजवा डोळा हातानं झाकून समोरचा तक्ता वाचायला लावते. तिसऱ्या ओळीशी मी अडतो. “येईल!” ती दटावते, मला की ओळीला, कोण जाणे.

मागच्या रविवारी ती फार थकलेली दिसली, म्हणून मी थेट तिसरी ओळ घडाघडा म्हटली. उजव्या डोळ्यानं वाचून पाठ झाली होती. मी उजव्या डोळ्यावरचा हात काढला, तर भिंतीवर तक्ता दुसराच होता.

ताई पाठमोरी उभी राहून बॅटरीची काच पुसत होती, बराच वेळ.

“रविवारी ये,” म्हणाली. “आणि दिसेल तेवढंच वाच.”