जूनमधली थंडी

नाव: युस्तिना हरासिमिव्ना कोव्तुन. जन्म: १९२१, पोल्ताव्हाकडील एक खेडे. हुद्दा: मुद्रितशोधक, कीव्हमधील एक सरकारी प्रकाशनगृह. वर्तणूक: समाधानकारक. राजकीय मते: आढळली नाहीत. भावंडे: भाऊ एक, ओलेक्सा, १९३३ साली आजाराने मृत.

निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, तेव्हा ती कादंबरी तिच्या टेबलावर आली. कादंबरीत १९३३ साली एक पोरगं भुकेनं मरत होतं. संपादक प्रोकिप लुकिच स्वतः उठून आले. कागदावर आणायचं नसलेलं काही असलं, की ते असे चालत यायचे.

"वरून शेरा आलाय. त्या साली कुणी उपाशी मेलेलं नाही."

"मग पोरगं कशानं मरतंय?"

"थंडीनं. अहो, एक अक्षर तर बदलायचं! 'होलोद'चं 'खोलोद' करा, झालं."

भूक आणि थंडी यांत युक्रेनियन भाषेनं एवढंच अंतर ठेवलंय. पुढे कुणाची सोय होईल, हे भाषेला तरी काय ठाऊक!

"पण जून आहे, प्रोकिप लुकिच. चेरीच्या झाडाखाली मरतंय ते. वर हिरव्या चेरी आहेत."

"मग चेरी काढा!"

"नि जून?"

"तोही काढा! बाई, पेन्शन हवंय ना तुम्हाला? मलाही माझी खुर्ची हवीय."

माणूस वाईट नव्हता. बोलता बोलता त्यानं तिच्या काळ्या पावाचे टेबलावर सांडलेले कण तळहातावर गोळा केले आणि तोंडात टाकले. त्यांच्या वयाचे सगळेच तसं करायचे. का, ते कुणी विचारत नसे.

तिनं अक्षर बदललं. नोकरीचा अर्ज भरताना कारकुनाच्या सांगण्यावरून तिनं असाच एक शब्द बदलला होता. चेरी मात्र काढल्या नाहीत. जूनही नाही.

पुस्तक आलं. जूनमध्ये गारठून मेलेलं पोर वाचून लोकांनी ते अक्षर मनातल्या मनात जागेवर ठेवलं. लोकांना कळलं ते वरच्यांनाही कळलं, जरा उशिरा. उरलेल्या प्रतींचा लगदा झाला.

"निदान चेरी तरी काढायच्या होत्या हो!" प्रोकिप लुकिच रडकुंडीला आले.

"झाड होतं तिथं," ती म्हणाली.

तिच्या नोंदीत एक ओळ वाढली: हवामानविषयक निष्काळजीपणामुळे सेवेतून कमी. बाकी मजकूर पूर्वीप्रमाणे कायम.

ओलेक्सा आजारी नव्हता.