गार पडणार
हिरव्या मोसंबीच्या सालीचा वास आला की आमचा गारखेड्यातला हवामानवेड्यांचा ग्रुप आठवतो. बर्फ काही आपल्या नशिबात नाही, निदान गारांनी तरी रान पांढरं व्हावं म्हणून आम्ही हिवाळाभर आभाळाकडं बघायचो. एकदा ग्रुपप्रमुखांनी लिहिलं, ‘उद्या करमाडला गार पडणार.’ ते वाचून तिथल्या माझ्या मेहुण्यानं धास्तीनं मोसंबीची अख्खी बाग कच्चीच तोडली. पडली नुसती थंडी, आणि व्यापाऱ्यानं माल नाकारला. मेहुणा पोतं घेऊन प्रमुखांच्या दारात, मी त्याच्या मागं. “अहो, गार म्हणजे थंड!” प्रमुख म्हणाले. “मग थंडी लिवायला बोटं आखडली व्हती का?” मेहुणा उसळला. मी तोंड उघडताच माझ्याकडं वळला, “दाजी, तुम्ही मधी पडू नका!” त्यानं मोसंबी चिरून पुढं केली, “खा!” प्रमुखांनी डोळे मिटून खाल्ली. मला आजही त्यांची कीव येत नाही. दुसरी मोसंबी मीच चिरून दिली होती.