अकराव्या महिन्यानंतरचे आठ दिवस

भाड्याने द्यायला जागा घ्यायची असेल तर लोक अजून माझा सल्ला विचारायला येतात. मध्यंतरी भाचा आला होता. त्याला मी हौसेने सगळं सांगितलं. जागा स्टेशनपासून चालत जाता येईल अशी बघ. पाणी किती वेळ येतं हे बिल्डरला विचारू नकोस, तळमजल्यावरच्या बाईला विचार. जमिनीचा सातबारा बघितल्याशिवाय टोकन देऊ नकोस. जागा दोन महिने रिकामी राहिली तरी चालेल, पण घायकुतीला येऊन कोणालाही देऊ नकोस. आणि चांगला भाडेकरू मिळाला तर भाडं थोडं कमी घे, पण त्याला टिकव. हे शेवटचं मी सांगतो खरा, पण ते सांगायचा मला काडीचा अधिकार नाही.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मी डोंबिवली पूर्वेला एक वन रूम किचन घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून स्वस्तात मिळालं. आम्ही स्वतः ठाण्याला राहत होतो, माझी नोकरीही तिथल्याच एका सरकारी कचेरीत. जागा भाड्याने द्यायची आणि मुलीच्या शिक्षणाला हातभार लावायचा, एवढाच विचार होता. पण त्या काळी घरमालकांना एकच धास्ती असायची. भाडेकरू एकदा बसला की तो उठत नाही आणि कोर्टही त्याला उठवत नाही.

आमच्या कचेरीतले हेडक्लार्क या विषयातले माझे गुरू. त्यांच्या कल्याणला दोन खोल्या होत्या, ठाण्यातच खोपटला एक. "हे बघ," ते म्हणाले, "करार अकरा महिन्यांचा. दारावर पाटी तुझ्या नावाची. तुझं एक कपाट कुलूप लावून आत ठेव. त्या पत्त्यावर रेशनकार्ड काढू द्यायचं नाही. आणि करार संपला की आठ दिवस घर रिकामं करून घ्यायचं. बायकोला घेऊन तिथे जाऊन राहा, स्वयंपाक कर, शेजाऱ्यांना दिसू दे. मग नवा करार." असं केलं की भाडेकरूचा सलग ताबा तुटतो, असं त्यांचं म्हणणं. मी ते जसंच्या तसं डोक्यात भरून घेतलं.

भाडेकरू मिळाला तो ठाण्याच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा टायपिस्ट. तिशीचा, अबोल. बायको आणि म्हातारी आई, तिघंच. आमचा करार त्याने स्वतःच टाइप करून आणला, एकही खाडाखोड नाही. आठ दिवसांची अट मी तोंडी सांगितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चालेल साहेब."

पहिल्या वर्षी ते तिघं भांडीकुंडी बांधून कल्याणजवळच्या मोहने गावात त्याच्या बहिणीकडे गेले. आम्ही दोघं डोंबिवलीला जाऊन राहिलो. बायकोने पिठलं-भात केला, मी गॅलरीत उभं राहून समोरच्यांशी मुद्दाम मोठ्याने बोललो. दुसऱ्या वर्षीही तसंच. आठ दिवसांनी ते परत आले की घर आम्ही सोडलं होतं त्याहून स्वच्छ दिसायचं. मला तर ती एक प्रकारची सहलच वाटायची. त्या आठ दिवसांत त्या बहिणीच्या दोन खोल्यांत किती माणसं झोपत असतील, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

तिसऱ्या वर्षी करार संपायला पंधरा दिवस उरले असताना तो कचेरीत आला. आई न्हाणीघरात पडली होती, कंबरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून सांगितलं होतं. "एवढं वर्ष राहू द्या साहेब," तो म्हणाला. "मी पाहिजे ते लिहून देतो. स्टॅम्पपेपरवर देतो."

मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि हेडक्लार्कांकडे गेलो. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "अरे, म्हातारं माणूस घरात अंथरुणाला खिळलं की संपलं. कोणता जज त्यांना बाहेर काढेल?" मी परत आलो. चहा गार झाला होता, त्याने घेतला नव्हता. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम. एकदा सूट दिली की घडी मोडते." माझ्याच घरात माझाच नियम, आणि मी मात्र वरून हुकूम आल्यासारखा बोलत होतो.

घरी हे सांगितलं तर बायको जेवता जेवता थांबली. "अहो, कंबरेचं हाड मोडलंय त्यांचं," एवढंच म्हणाली. या वेळी मी तिकडे स्वयंपाकाला येणार नाही, हेही तिने सांगून टाकलं. मला तिचा रागच आला. घर घेताना हिचेच दागिने मोडले होते आणि आता हिलाच त्याची फिकीर नाही, असं मला वाटलं.

ठरल्या दिवशी मी किल्ली घ्यायला गेलो. त्यांनी म्हातारीला लाकडी खुर्चीत बसवून साडीने बांधलं होतं. तो, त्याचा मेव्हणा आणि शेजारचे दोघं, असे चौघं मिळून खुर्ची उतरवत होते. जिना अरुंद होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची भिंतीला घासली आणि माझ्या तोंडून निघालं, "रंग सांभाळा."

म्हातारीने डोळे उघडले. वेदनेने तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सावकाश रे," ती मुलाला म्हणाली, "साहेबांची भिंत आहे." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो केव्हाच विसरलो असतो.

खाली टेम्पो उभा होता. त्यातून ते सगळे मोहन्याला गेले आणि मी वर एकटाच आठ दिवस राहिलो. बटाटे उकडून खाल्ले. समोरचे लोक मला बघून दार लावून घ्यायचे.

आठव्या दिवशी नवा करार घेऊन तो येईल म्हणून मी वाट बघत होतो. तो आला, पण हातात करार नव्हता. उरलेलं सामान न्यायला आलो आहे, म्हणाला. आईला आता पुन्हा तीन मजले चढवणं होणार नाही. मी नको तेवढ्या अजिजीने म्हणालो, "अहो, तुमच्यासाठी जागा ठेवली होती."

तो खाली बसून भांडी पोत्यात भरत होता. "साहेब, एक बोलू? मी रोज असले करार टाइप करतो. या आठ दिवसांना कोर्टात फारसा अर्थ नसतो. शेजारी साक्षीला आले की सगळं बाहेर येतं. मला बसायचं असतं तर मी पहिल्याच वर्षी बसलो असतो."

"मग दोन वर्षं गेलात कशाला?"

"तुम्हाला भीती वाटत होती ना," तो म्हणाला. "तुमचं समाधान होत होतं. आम्हाला जमत होतं तोवर गेलो."

मी तेव्हाच त्याचे पाय धरायला हवे होते. निदान माफी तरी मागायला हवी होती. पण त्याच क्षणी डोक्यात दुसराच विचार आला. हा इतका कायदा जाणतो, उद्या उलटला तर?

"तेवढं लिहून द्याल का?" मी म्हणालो. "जागा राजीखुशीने सोडली म्हणून."

त्याने हात पुसले. माझ्याकडून पेन घेतलं आणि कपाटाला कागद टेकवून उभ्या उभ्या लिहिलं. अक्षर सुंदर होतं. 'राजीखुशीने' हा शब्द लिहिताना तो अडखळला नाही. खाली सही केली, आणि साक्षीदाराची जागा मोकळी सोडून कागद माझ्या हातात दिला. मी तो दोनदा वाचला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.