लांबचं कॉलेज

त्या वर्षी मी सतत थकलेली असायचे. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची. नवऱ्याचं काम लीड्सला लागलं होतं. तो सोमवारी पहाटे निघायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायचा. स्टॅनमोरच्या घरात आठवडाभर मी आणि मुलगी, दोघीच. रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं वाचून वाचून डोळे इतके शिणायचे, की घरी आल्यावर पोस्टातून आलेलं पत्र उघडायचाही कंटाळा यायचा.

आणि त्या शरद ऋतूत पत्रंच पत्रं येत होती. मुलगी सोळाची होणार होती. तिची शाळा जीसीएसईपर्यंतच, म्हणजे आपल्याकडच्या दहावीसारखी. पुढची दोन वर्षं दुसरीकडे, सिक्स्थ फॉर्म कॉलेजात काढायची, तिथे तीन-चार विषय निवडायचे आणि त्यांच्या जोरावर युनिव्हर्सिटी. गंमत म्हणजे परीक्षा मे-जूनमध्ये, निकाल ऑगस्टमध्ये, पण कॉलेज निवडायचं त्याच्या आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. निकाल लागायच्या आधीच घोडं कुठल्या तबेल्यात बांधायचं ते ठरवा.

मी नागपूरची. माझ्या वेळी बाबांनी सायकलवर पुढे बसवून मला सीताबर्डीला नेलं होतं, रांगेत उभं राहून फॉर्म आणला होता आणि सायन्सच्या रकान्यावर खूण करून माझ्यापुढे सहीसाठी धरला होता. मला काय आवडतं हे त्यांनी विचारलं नाही. मलाही ते विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. घरात पहिली कॉलेजला जाणारी मी. त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, एवढंच आठवतं.

इथे मात्र ओपन इव्हिनिंग असते. संध्याकाळी सहा ते आठ आईबापांनी मुलांना घेऊन कॉलेज बघायला जायचं. हॉलमध्ये प्रिन्सिपलचं भाषण, मग वर्गावर्गांतून फिरायचं, शिक्षकांशी बोलायचं. आमच्या यादीत दोन कॉलेजं होती. एक लांबचं. रविवारी बुद्धविहारात भेटणाऱ्या सगळ्या आयांच्या तोंडी त्याचंच नाव. कुणाचा भाचा तिथून मेडिकलला गेलेला, कुणाची मुलगी ऑक्सफर्डला. दुसरं जवळचं, घरापासून चालत बारा मिनिटांवर. त्याच्याबद्दल कुणीच काही बोलायचं नाही.

लांबच्या कॉलेजची संध्याकाळ आधी होती. भुयारी रेल्वेच्या ज्युबिली लाइननं वेम्बली पार्क, तिथे बदलून मेट्रोपॉलिटन, मग बस. पोचेपर्यंत सव्वा तास लागला. हॉल भरलेला, भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो, प्रिन्सिपलचं बोलणं तुपासारखं. मी वहीत लिहून घेत होते. शेजारच्या खुर्चीवर मुलगी कोटाच्या बाहीतला सुटा दोरा ओढत बसली होती.

"कसं वाटलं?" परतीच्या ट्रेनमध्ये मी विचारलं.

"मोठा आहे," ती म्हणाली.

"मोठं आहे. कॉलेज, ते."

"मोठं आहे," तिने दुरुस्त केलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

तिचं मराठी तसंच होतं. चार वर्षांची असताना इथे आलेली. शब्द सगळे कळायचे, पण तो-ती-ते तिच्या जिभेवर बसत नव्हतं. मी प्रत्येक वेळी टोकायचे. आता वाटतं, जरा कमी टोकलं असतं तर ती जास्त बोलली असती.

दोन आठवड्यांनी जवळच्या कॉलेजची संध्याकाळ आली. त्या दिवशी मी सकाळच्या पाळीला पाचला उठलेली. लॅबमधलं एक मशीन बंद पडलं होतं, त्यामुळे सगळं हातानं करावं लागलं, जेवायलाही वेळ झाला नाही. घरी येऊन कोटही न काढता मुलीला घेऊन निघाले. हॉलमध्ये हीटर जोरात चालू होता. मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. एक बाई माइक ठीक करत होत्या, तेवढं आठवतं.

जाग आली तेव्हा हॉल रिकामा होता. शिपायासारखा एक माणूस खुर्च्या एकावर एक रचत होता आणि मुलगी माझ्या बाजूला बसली होती. तिच्या मांडीवर कागदांचा गठ्ठा, आणि चेहरा असा फुललेला, की मी तो कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

"उठवलं का नाहीस?"

"तू खूप झोपली होती. मी एकटी फिरून आले. सगळं बघून आले." मग ती एका दमात बोलायला लागली, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. "आई, इथे जिऑलॉजी आहे. त्या टीचरने मला एक दगड दिला हातात, आणि विचारलं की हा कुठून आला असेल. मी म्हटलं डोंगरातून. तर ती म्हणाली, नाही, हा आधी समुद्राच्या खाली होता. मग तिने मला त्यात एक शिंपला दाखवली. इतकी छोटी! मला हा विषय घ्यायचाय. जिऑलॉजी, बायॉलॉजी, जिऑग्रफी आणि इंग्लिश."

आम्ही बाहेर आलो. थंडी मी म्हणत होती. माझं डोकं ठणकत होतं, पोटात कावळे ओरडत होते आणि भर हॉलमध्ये झोपल्याची लाजही वाटत होती. त्या सगळ्याचा राग कुठेतरी निघायचा होता.

"तू दगड राहू नयेस म्हणून आम्ही एवढं शिकवतोय," मी म्हणाले, "आणि तू दगडच शिकणार?"

मला ते बोलताना गमतीचं वाटलं होतं. ती हसली नाही. त्यानंतर तिने त्या विषयाचं नावही काढलं नाही.

शुक्रवारी नवरा आला. मी दोन्ही माहितीपुस्तकं त्याच्यापुढे टाकली. त्याने लांबच्या कॉलेजचं पुस्तक चाळलं. "हेच ना, सगळे म्हणतात ते?"

"हो. पण लांब आहे."

"मी लीड्सला जातोच की. तिला दोन वर्षं काय होतंय? पण तू बघितलंयस, तुला योग्य वाटेल ते कर."

मी बघितलं होतं! एक बघितलं होतं आणि दुसऱ्यात झोपले होते. हे मी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा जाऊन बघता आलं असतं. शनिवारी सकाळी फोन करून भेट ठरवता आली असती. पण मला ते प्रकरण संपवायचं होतं. अर्ज दोन्हीकडे केला, पहिली पसंती लांबच्याला. विषय मीच लिहिले: केमिस्ट्री, बायॉलॉजी, मॅथ्स, इकॉनॉमिक्स. मुलीने खाली सही केली.

ऑगस्टमध्ये शाळेत निकालाचं पाकीट घ्यायला गेलो. चांगले मार्क होते, केमिस्ट्रीत सगळ्यात वरचा ए-स्टारसुद्धा. पोरी एकमेकींना मिठ्या मारत होत्या, रडत होत्या. आमचीने पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "झालं आता." मला वाटलं, परीक्षेचं ओझं उतरलं म्हणून म्हणते आहे. दोन्ही कॉलेजांची दारं उघडी होती. मी एकदा विचारल्यासारखं विचारलं, "मग लांबचंच ना?" ती म्हणाली, "ठीक आहे." मी त्याला होकार समजले, कारण मला होकारच हवा होता.

सप्टेंबरपासून ती पावणेसातला निघू लागली. सकाळच्या पाळीला मी तिच्या आधी बाहेर पडायचे, दुपारच्या पाळीला ती येईपर्यंत मी कामावर. डबा भरून ठेवायचा, चिठ्ठी लिहायची. "कसं चाललंय?" "ठीक." ती बारीक झाली आहे हे मला दिसत होतं, पण नवं वर्ष, नवा अभ्यास, होईल सवय, असं मी स्वतःला सांगत होते.

नोव्हेंबरच्या मध्यात लॅबमध्ये फोन आला. तिची ट्यूटर होती, बोलणं अगदी सौम्य. म्हणाली, "तुमची मुलगी तीन आठवडे आलेली नाही. घरी पाठवलेल्या पत्रांचं उत्तर आलं नाही म्हणून कामावर फोन केला. सगळं ठीक आहे ना?"

मी हातमोजे घातलेल्या हातातच फोन धरला होता. "ती रोज पावणेसातला निघते," मी म्हणाले. मग ट्यूटर म्हणाली, "तुम्ही आज तिच्याशी बोलून बघा."

वरिष्ठांना सांगून मी घरी आले. दुपारचे दोन वाजले असतील. ती पाचला येणार. तीन तास मी स्वयंपाकघरात बसून काय काय बोलायचं ते ठरवलं. कुणाच्या संगतीत आहेस, खोटं का बोललीस, बाबांना काय सांगू. दारात किल्ली फिरली. मला बघून ती तिथेच उभी राहिली. बॅगही खाली ठेवली नाही.

"कुठे असतेस दिवसभर?"

"ट्रेनमध्ये," ती म्हणाली.

"कुठल्या ट्रेनमध्ये?"

"मेट्रोपॉलिटनमध्ये. ॲमर्शमपर्यंत जाते. शेवटपर्यंत. मग परत येते. मग हॅरोच्या लायब्ररीत बसते."

"एकटी?"

"एकटी. मला केमिस्ट्री नाही जमत तिकडचा. सगळे खूप फास्ट आहेत. मी विचारला तर हसतात. मग एक दिवस मी स्टेशनवर उतरलीच नाही. पुढे गेली. दुसऱ्या दिवशी जायला आणखी कठीण झाला." तिचा आवाज बारीक होत गेला. "पत्रं मी उचलून ठेवली. सॉरी. मी थकला, आई."

थकले, म्हणायचं होतं तिला. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं ते. पण मी उठले आणि तिच्या खांद्यावरून बॅग काढली. केवढी जड होती! चार विषयांची पुस्तकं ती रोज ॲमर्शमपर्यंत नेऊन परत आणत होती. ठरवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. गरम वरणभात केला, वर तूप घातलं, आणि ती जेवताना समोर बसून राहिले.

शुक्रवारी नवरा भडकला. मुलीवर नाही, माझ्यावर. "तुझ्या नाकाखाली तीन आठवडे चाललं होतं!"

"माझं नाक हॉस्पिटलमध्ये होतं आणि तुमचं लीड्समध्ये," मी म्हणाले. बऱ्याच वेळाने मी त्याला त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली, हॉलमधल्या झोपेपासून दगडापर्यंत. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "मी तर गेलोच नव्हतो," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात रजा काढून मी आणि ती चालत जवळच्या कॉलेजात गेलो. ऑफिसमधल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वर्ष सुरू होऊन दोन महिने उलटले होते, आता मधेच घेता येत नव्हतं. जानेवारीत नव्याने अर्ज करायचा, पुढच्या सप्टेंबरात पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे एक वर्ष मागे. मला वाटलं मुलगी रडेल. तिने विचारलं, "जिऑलॉजी पुढच्या वर्षी पण असेल का?" बाई म्हणाल्या, "असेल. मुलं थोडी असतात, पण असेल."

जानेवारीतला अर्ज तिने स्वतः भरला. मी शेजारी बसून मटार सोलत होते. एकदा तिने एका शब्दाचं स्पेलिंग विचारलं, बाकी काही नाही. मधल्या महिन्यांत तिने ईलिंग रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात काम धरलं. साड्यांच्या घड्या घालायला शिकली. दुकानाची मालकीण गुजराती बोलायची, त्यामुळे मराठी सुधारायचं सोडून गुजराती येऊ लागलं. विहारात आया विचारायच्या, "काय, लांबच्याच कॉलेजात ना?" पहिल्यांदा मी म्हणाले, "तब्येत बरी नव्हती, एक वर्ष थांबली." दुसऱ्यांदा तेच सांगायला तोंड उघडलं, तर बाजूला मुलगी उभी होती. मग म्हणाले, "तिथे जमलं नाही. आता जवळच्या कॉलेजात जाणार आहे." त्या बाईंनी "अच्छा" म्हणून विषय बदलला.

सगळं छान झालं असं सांगता येणार नाही. जिऑलॉजीत तिला शेवटी बी मिळाला, इंग्लिशमध्ये सी. वर्गात सगळे तिच्याहून एका वर्षाने लहान, ते तिला शेवटपर्यंत टोचलं. केमिस्ट्रीतला तो ए-स्टार कुठेच कामी आला नाही, आणि नवऱ्याला त्याची हळहळ अजून वाटते. युनिव्हर्सिटीत तिने जिऑग्रफी केली. आता कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी करते. पाऊस पडला की कुठल्या रस्त्यावर पाणी तुंबतं आणि का, हे बघायचं काम. बूट चिखलाने भरलेले असतात आणि कटकट साहेबाबद्दल असते, कामाबद्दल नाही.

एकदा तिच्या गाडीत बसलेले असताना मी विचारलं, "ते वर्ष माझ्यामुळे गेलं, असं वाटतं का तुला?"

तिने सिग्नल हिरवा होईपर्यंत विचार केला. "थोडंसं," ती म्हणाली. "थोडं माझ्यामुळे पण. मी बोलायला पाहिजे होतं." आणि मग, "आई, सीटबेल्ट नीट लाव."

तो "थोडंसं" मला खोट्या "नाही"पेक्षा बरा वाटला. बराच वेळ बोचला, पण बरा वाटला.

अजूनही ऑक्टोबर आला की नव्या आयांचे फोन येतात. पुण्याहून, मुंबईहून आलेल्या, नोकरीवरून नुकत्याच घरी परतलेल्या, आवाजावरूनच कळतं. "ताई, तुमच्या मुलीच्या वेळी तुम्ही बघितलं असेल ना सगळं? कुठलं चांगलं?" मी सांगते, दोन्ही चांगली आहेत. त्यांना वाटतं मी टाळते आहे. पण दोन्ही खरंच चांगली आहेत.